पत्ता नसलेलं गिऱ्हाईक

आमच्या चपला-बुटांच्या दुकानाचा सगळा कारभार सूनबाईने कॉम्प्युटरवर नेला, तेव्हा मी हट्टच धरला, की त्यातली माहिती शोधायची ती भाषा, एसक्यूएल, मलाही शिकव. कोणत्या गिऱ्हाइकाला काय लागतं, हे दर वेळी सुनेला विचारत बसणं माझ्या स्वभावात नाही.

"आई, खऱ्या डेटाबेसला हात लावायचा नाही हं," तिने बजावलं. "ही सरावाची नक्कल. इथे हवा तेवढा गोंधळ घाला."

दुपारी दुकानात सामसूम असायची. पॉलिशचा वास, पंख्याची घरघर आणि गल्ल्यामागे आम्ही दोघी. सिलेक्ट म्हणजे शोधून दाखव, इन्सर्ट म्हणजे नवी ओळ घाल. सरावासाठी मी एक गिऱ्हाईक मनानेच रचलं. नाव, काका. डावा पाय आठ नंबर, उजवा नऊ. आवड, पिवळे बूट. पत्ता काही सुचेना, म्हणून ती जागा रिकामीच सोडली.

"पिवळ्या बुटांचे काका!" सूनबाईची हसून हसून पुरेवाट झाली.

दुसऱ्या दिवशी ते आले.

"डावा आठ, उजवा नऊ. पिवळे दाखवा."

माझा चहा बशीत सांडला. "योगायोग असेल, आई," सूनबाई पुटपुटली. गोदाम धुंडाळल्यावर पिवळे बूट निघाले, दोन जोड फोडून काकांना दिले. त्यांनी आरशासमोर मस्त गिरकी घेतली.

"पत्ता सांगता? बिलावर लिहायचाय," सूनबाई म्हणाली.

काका माझ्याकडे बघून हसले. "तो यांनी दिलाच नाही ना!"

मग ते रोजच असायचे. शटर उघडायला जावं तर पायरीवर, बंद करताना तिथेच. त्यांच्या गमतींनी रडकी पोरंही खुदकन हसायची. सगळ्यांना त्यांचा लळा लागला. पण एका सकाळी बघते, तर त्यांचा कोट दवाने ओलाचिंब झालेला. हसतमुख माणूस, आणि जायला घर नाही. तेही माझ्यामुळे.

"त्यांना पत्ता देऊया," मी म्हटलं.

सूनबाईने वाद घातला नाही. "अपडेट करा. पण व्हेअर विसरू नका, आई. कोणाचा बदलायचा ते सांगितलं नाहीत, तर सगळ्यांचाच बदलेल."

मागच्या गल्लीत बेकरीशेजारी मोकळी जागा होती. तिथलाच पत्ता मी टाइप केला. वरचा मजला, हिरवी बाल्कनी. पडद्यावर उमटलं, एक ओळ बदलली.

काका बाकावरून उठले. "चला, घरी जातो!" शीळ घालतच गेले.

रविवारी आम्ही दोघी बघायला गेलो.

मोकळ्या जागेवर दुमजली घर होतं. रंग उडालेला, वेल छपरापर्यंत चढलेला.

"हे होय?" बेकरीवाला म्हणाला. "जुनंच आहे की."

हिरव्या बाल्कनीतून काकांनी हात हलवला. सूनबाईने माझा दंड घट्ट धरला. मला हसूही येत होतं, रडूही.

"आवडलं का घर?" मी खालून विचारलं.

"झकास आहे!" मग ते कठड्यावरून वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एकच विचारायचं होतं, ताई. आतल्या खोलीत राहतात, त्यांना कुणी लिहिलं?"

त्यांच्या मागचं दार कुणीतरी आतून अलगद लावून घेतलं.