शेजारची जागा

गाडी विकायची नाही. आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही आशेवर बसायला नको.

तुमच्यासारखे पुष्कळ येतात. टायर बघतात, इंजिन बघतात, आत डोकावून वा वा करतात. वा वा करण्यासारखीच आहे. भंगारात निघालेली बस होती. मी आयुष्यभर ट्रक चालवला. शाळा फारशी पाहिली नाही, पण लोखंड आणि लाकूड माझं ऐकतं. आतला ओटा, पाण्याची टाकी, पलंग, कपाटं, टीव्हीसमोरचा बाक, सगळं या हातांनी केलं. घरगाडी म्हणायचो आम्ही तिला. तुम्ही मात्र छपरावर मारलेला पत्रा पाहिलात आणि तो कशासाठी म्हणून विचारलंत. आजवर कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा बसा. वीज गेलीय, कंदील जवळ ओढा. ही चहा आणतेच आहे.

"घ्या. आणि ती गाडी घेऊनच जा हो तुम्ही. सगळं अंगण अडवून बसलीय. यांना सांगायला गेलं की कपाळाला आठ्या."

"तू आत जा."

"जाते. त्या धुक्याची गोष्ट सांगणार असाल तर माझ्या घोरण्याचं तेवढं गाळा."

ऐकलंत? ही माझी बायको. त्या संध्याकाळी आपला डोळा लागला होता असं तिला वाटतं. मी तसंच वाटू दिलंय. तुम्हीही आत जाऊन काही बोलू नका.

गाडी झाली तेव्हा ही यायला तयार नव्हती. म्हणाली, "सारखं हलणारं घर मला नको. माझी मालिका बुडेल." मग आमचं ठरलं. रोज संध्याकाळी गाडी थांबवायची आणि हिने टीव्ही बघायचा. माझी अट एकच. गाडी उभी असतानाच टीव्ही. छपरावर अँटेनाचा खांब बसवला होता, तो आतून हँडल फिरवून वर करायचा. खांब वर आहे तोवर ते हँडल स्टिअरिंगला लटकवून ठेवायचं. म्हणजे विसरून गाडी काढायला गेलं तर हाताला आधी तेच लागतं. खांब खाली आला की हँडल परत दाराजवळच्या खुंटीवर. हा नियम मी कधी मोडला नाही. ही हसायची. म्हणायची, "देवळातसुद्धा इतकी शिस्त नसते."

त्या दिवशी आम्ही लेकीकडे निघालो होतो. तिचं घर डोंगरापलीकडे. दुपारनंतर वळणावळणावर धुकं साचायला लागलं. आधी कडेची झाडं गेली, मग रस्त्यावरचा पांढरा पट्टा गेला. मी पुष्कळ रस्ते पाहिलेत. दिसत नसेल तिथे थांबायचं, यात कमीपणा नाही. डाव्या हाताला एक उतार लागला. खाली धरणाच्या काठी गाड्या उभ्या करायचं मैदान होतं. तोंडाशी लोखंडी कमान, मोठे ट्रक आत येऊ नयेत म्हणून आडवा बार टाकलेला. मी उतरून पाहिलं. आमचं छप्पर आणि बार यांच्यात वीतभर जागा राहत होती. गाडी आत घेतली. दुसरं कुणी नव्हतं. तिन्ही बाजूंनी पाणी असावं. दिसत नव्हतं, पण ओल्या चिखलाचा वास येत होता आणि काठावर काहीतरी हळूहळू चाटल्यासारखा आवाज.

हिने खांब वर केला, हँडल आणून स्टिअरिंगला लटकवलं आणि टीव्ही लावला. नवीन ठिकाणी गेलं की चॅनेल नव्याने शोधावे लागतात. आकडे सरकत राहिले. बाकी सगळीकडे मुंग्या. एकच चॅनेल लागलं.

एक बाई बाकावर बसलेली. पाठ आमच्याकडे. समोर तिचा टीव्ही, त्याचा निळसर उजेड. आवाज नाही.

"ही कुठली मालिका?" मी ओट्यापाशी उभा होतो, कांदा चिरत.

"कुणास ठाऊक. नवीन दिसतेय. बाई हलतच नाही."

"तुझ्यासारखीच आहे मग."

"बोला. तुम्ही कधी शेजारी येऊन बसलात तर कळेल काय चाललंय ते. कायम आपले उभे."

मी कांदा चिरत राहिलो. मला टीव्ही आवडत नाही. पण नजर गेली. त्या बाईच्या डोक्याच्या वर खिडकीचा पडदा होता. हिरव्या चौकटीचा, आणि एका कोपऱ्यात इस्त्रीने जळून तपकिरी डाग पडलेला. मी आमच्या खिडकीकडे पाहिलं. हिरव्या चौकटी. कोपऱ्यात डाग.

चाकू खाली ठेवला.

हिने मान खाजवली. चित्रातल्या बाईने मान खाजवली. हिने शाल ओढून घेतली, तिनेही घेतली. ते आमच्याच गाडीच्या आतलं चित्र होतं, मागच्या पलंगाकडून घेतल्यासारखं. मी वळून पलंगाकडे पाहिलं. तिथे भिंत, उशा, माझा सदरा. दुसरं काही नाही. मी तिथे जाऊन हात हलवला आणि टीव्हीकडे पाहिलं.

चित्रात मी नव्हतो.

ओटा होता. अर्धा चिरलेला कांदा होता, चाकू होता. ही होती. मी कुठेच नव्हतो.

"बंद कर ते," मी म्हणालो.

"थांबा हो जरा..."

तेवढ्यात चित्रातल्या बाईने, मान न वळवता, शेजारच्या गादीवर हात आपटला. दोनदा. ये, बस, असं म्हणतात तसा. आमच्या हिचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर शालीत होते. मी नीट पाहिलं होतं. मग हिचा उजवा हात शालीतून निघाला, आणि हिने तो गादीवर दोनदा आपटला. मान न वळवता.

तोवर ती बाई हिची नक्कल करत होती. आता ही त्या बाईची करत होती.

मी टीव्हीचं बटण दाबलं. चित्र तसंच. पिन काढली. चित्र तसंच, उलट जास्त स्वच्छ. खांब खाली घ्यावा म्हणून स्टिअरिंगवरचं हँडल आणून फिरवलं. ते नुसतंच गरगर फिरलं, दोर तुटलेल्या रहाटासारखं. वर खांब जागचा हलल्याचा आवाज नाही. मग हिला बाहेर काढावं म्हणून दाराशी गेलो. ते दार मी बसवलंय. बिजागऱ्या मी ओतून घेतल्यात. कडी हलेना. खांद्याने धक्के दिले, लाथ मारली. भिंतीला मारावी तसं.

"अगं, ऊठ. पुढे केबिनमध्ये चल."

"ती म्हणते... तुम्ही बसत नाही तर मी तिकडे..."

"कोण म्हणते?"

चित्रातली बाई उठली. ही उठली. ती बाई तिच्या दाराकडे चालत गेली, तेव्हाही तोंड दिसलं नाही. तिने कडी सरकवली. हिने माझ्या बगलेतून हात घालून कडी सरकवली, आणि ज्या दाराने मला दाद दिली नव्हती ते लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं.

बाहेर नुसतं पांढरं. पायरी दिसेना. पाण्याचा तो चाटण्याचा आवाज मात्र आता पायरीच्या अगदी खालून येत होता. मी गाडी काठापासून चांगली लांब लावली होती.

हिने पाय उचलला. मी कमरेला मिठी घातली. हातापायाची काडी झालेली बाई, पण मला ओढत नेत होती. अंग गार, ओल्या मडक्यासारखं. मी पोती वाहिलेला माणूस आहे. उचलली, केबिनमध्ये नेली, बाजूच्या सीटवर बसवून पट्टा आवळला. हिचे डोळे उघडे होते, पण मला बघत नव्हते. हात पट्ट्याशी झटापट करत होते.

केबिनच्या आरशात टीव्ही दिसत होता. चित्रातली गाडी रिकामी होती. दार सताड उघडं. बाई उतरली होती.

बाहेर जायची वाट एकच, त्या कमानीखालून. खांब वर असताना तिच्याखालून जाता येत नाही. मला ते ठाऊक होतं. गाडी मी पोटच्या पोरासारखी जपलेली, छप्पर फाटेल, हेही ठाऊक होतं. इंजिन चालू केलं. पहिला गिअर टाकला. त्याच वेळी मागे पायरी करकरली. कुणी वर चढल्यावर करकरते तशी. मग दार मिटलं, हळू, घरातल्या माणसाने लावावं तसं. मग बाक करकरला.

आणि मागून आवाज आला. गादीवर हात आपटल्याचा. दोनदा.

ही माझ्या शेजारी होती. पट्ट्यात.

मी आरशात पाहिलं नाही. कमान कुठे असेल ते अंदाजाने धरलं आणि पाय पूर्ण दाबला. डोक्यावर असा आवाज झाला की हाडं वाजली. पत्रा फाटत गेला, गाडी मागे खेचल्यासारखी झाली आणि सुटली. मागचा निळा उजेड विझला. चढ चढून रस्त्याला लागलो तेव्हाच ब्रेक मारला.

"अहो! असा ब्रेक मारतात का? मान मोडायची माझी." ही डोळे चोळत होती. "डोळा लागला वाटतं. हे छपरातून काय गळतंय? खांब खाली घ्यायला विसरलात ना? आणि मला शिस्त शिकवता!"

तिने ते लेकीला, जावयाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळ्यांना सांगितलं. म्हातारा खांब वर ठेवून निघाला. सगळे हसले. मी हसू दिलं.

घरी आल्यावर टीव्ही काढून घणाने फोडला. छपराला पत्रा मारला. गाडी अंगणात लावली, कुलूप घातलं. वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी इथेच बसलो होतो, ही आत पोळ्या लाटत होती. गाडीतून आवाज आला. गादीवर हात. दोनदा. मी चोर असेल म्हणून उठलो, तोच पुन्हा तसाच आवाज आला, आणि पाहतो तो ही माझ्यापुढून चालत गेली. हाताला पीठ, डोळे उघडे. माझ्याकडे बघितलं नाही. कुलपाला हात लावला तर कुलूप गळून पडलं. मी हिला उचलून आत आणली, पलंगावर निजवली. शुद्धीवर येऊन विचारते, "पोळी करपली का हो?"

गाडी भंगारात द्यायलाही काढली. फाटकाबाहेर नेली नाही तोच ही अनवाणी मागे चालत आलेली. चाकाच्या बरोबर मागे. आरशात दिसली म्हणून वाचली. गाडी पुन्हा अंगणात घेतली. तेव्हापासून ती हलवली नाही. कुणाला देणार, आणि दिली तर ही कुठवर चालत जाईल?

मग मला कळलं काय करायचं ते. आवाज पहिल्यांदा येतो तेव्हा हिला ऐकू जात नाही. दुसऱ्यांदा आला की ही उठते. त्या दोन्हीच्या मध्ये मी जातो. दार उघडं असतं. बाकावर एका टोकाला बसतो. समोर टीव्हीची रिकामी चौकट, भिंतीला चार भोकं. हात गुडघ्यावर ठेवतो. बोलत नाही, वळून बघत नाही. अंधार पुरता पडला की बाक एकदा करकरतो आणि मी उठून घरी येतो. कितीही ताप असो, पाहुणे असोत, कधी चुकवलं नाही. ही म्हणते, म्हातारपणी गाडीचं वेड लागलं, रोज आत जाऊन बसतात. म्हणू दे.

माझ्यानंतर काय, याचा विचार करतो. उत्तर मिळालेलं नाही. मला ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

चहा संपवा. अंधारून आलंय, तुम्ही निघा.

...

ऐकलंत ना? गादीवर, दोनदा. मग पाहुणे, इकडे माझ्याकडे बघा, गाडीकडे नको. आत ही भांडी घासतेय, आवाज येतोय, म्हणजे अजून वेळ आहे. मी जातो. कंदील इथेच राहू द्या, मला लागत नाही. जाताना फाटक ओढून घ्या.

आणि तुम्ही मघाशी गाडी बघायला एकटेच आत गेला होतात. बाकावर बसून पाहिलंत का, असं विचारणार होतो. राहू दे. बसला असाल तर तुम्हालाच ठाऊक. उन्हात दिवसभर बंद असली तरी सगळी गादी गारठलेली असते. फक्त शेजारची जागा कोमट लागते.