कोबीच्या गाडीतला बाझिल

"चोर! पकडा त्याला!"

झेली कोपऱ्यावर वळली आणि समोरून तो धावत आला — तोंडाला पीठ, एकाच पायात बूट, बगलेत जिवंत बदक. मागे पोलिसांची फौज. बेलव्हिल वस्तीतल्या धोबिणी अशा वेळी नुसत्या बघत उभ्या राहत नाहीत. झेलीनं टोपलीतली ओली चादर उचलली आणि सप्पकन त्याच्या तोंडावर हाणली. तो उडाला, हवेत कोलांटी घेऊन थेट कोबीच्या हातगाडीत जाऊन पडला.

पोलीस पोट धरून हसायला लागले. तेव्हा कुठे तिला पलीकडचा कॅमेरा दिसला.

"अगं बाई! सिनेमा...?"

"हो ना," कोबीतून आवाज आला. "आणि तुमच्यामुळे आता भलताच रंगलाय. मी बाझिल."

शरमेनं तिला पळून जावंसं वाटत होतं. पण कुतूहल गप्प बसू देईना. "तुम्हाला लागलं कसं नाही?"

"रविवारी बागेत या. शिकवतो."

"काय, पडायला?"

"दुसरं काही येतच नाही हो मला."

रविवारी ती बागेत गेली. हिरवळीवर त्यानं शिकवलं — खांदे सैल, श्वास सोडायचा, जमिनीशी भांडायचं नाही.

"पण मान कुठे ठेवायची? पाय कधी उचलायचा?"

"आधी पड तरी, बाई!"

ती पडली. उठवताना त्यानं धरलेला हात जरा जास्तच वेळ त्याच्या हातात राहिला...

मग जत्रेच्या तंबूत तो सिनेमा लागला. लोक हसून हसून लोळत होते. झेली एकटीच पडद्याकडे टक लावून बसली होती.

बाहेर आल्यावर बाझिल हिरमुसला. "तू हसली नाहीस."

"पडायच्या आधी तुम्ही डोळे का मिटता? दर वेळी?"

तो थबकला. तोंडावरच्या पिठाशिवाय त्याचा चेहरा किती कोवळा दिसत होता!

"भीती वाटते," तो हळूच म्हणाला. "आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं..."

थोडं पुढे गेल्यावर त्यानंच विषय काढला.

"आमची सिनेमाची मंडळी दक्षिणेला, नीसला निघालीत. हिवाळाभर तिकडेच, उन्हात. झेली — येशील? लग्न करून?"

"तिथे धोबिणी लागतात?"

"मला एक लागते."

आता मात्र ती खळखळून हसली. "एका अटीवर. भीती वाटली की आधी मला सांगायचं."

"रोज वाटते गं."

"मग रोज सांग," ती म्हणाली... आणि स्वतःच चमकली. 'अहो' कधी गळून पडलं, तिचं तिलाच कळलं नव्हतं.