खोडरबर

"ही तुमचीच ना?" क्लासच्या खिडकीमागे उत्तरपत्रिका तपासायचं मशीन चालवणारा मुलगा विचारत होता. "तिसऱ्यांदा अडकलीये. मशीन वैतागलंय."

"मीही," मी म्हणाले.

तो हसला. मला मात्र हसायचंही जिवावर आलं होतं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं हे माझं तिसरं वर्ष. दोनदा थोडक्यात हुकले होते. "हे शेवटचं, बाळा. मग दुसरं काहीतरी बघू," बाबा म्हणाले होते. ते रागावले असते तर परवडलं असतं. पहाटे उठून जीवशास्त्र, मग क्लास, मग पुन्हा जीवशास्त्र... बेडकाचं हृदय तोंडपाठ होतं, स्वतःचं कुठे असतं ते विसरले होते.

त्याने कागद उजेडापुढे धरला. पेन्सिलने भरलेले गोल, खोडलेले, पुन्हा भरलेले; याच खाडाखोडीने मशीन अडत होतं. "रागावणार नसाल तर एक सांगू? चौदा उत्तरं खोडलीत. त्यातली अकरा आधी बरोबर होती."

"शेवटच्या दहा मिनिटांत वाटायला लागतं, सगळंच चुकलंय."

"माहितेय. मीही दोनदा बसलोय. खोडण्यात पटाईत होतो... म्हणून तर खिडकीच्या या बाजूला आहे."

मग दर रविवारी सराव परीक्षा झाली की तो आकडा सांगायचा. आठ. पाच. दोन. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. एका रविवारी मला हाकच आली नाही. मी उगाच चपला शोधत रेंगाळले, मग खिडकीशी गेले.

"आज अडकली नाही?"

"सरळ गेली."

"मग तोंड का पाडलंयस?"

"तुला बोलवायला कारणच उरलं नाही ना..." तो मशीनकडे बघत म्हणाला. मला खूप बरं वाटलं.

परीक्षेच्या सकाळी तो केंद्राच्या फाटकाशी उभा होता. त्याने हात पुढे केला. "खोडरबर दे."

"आणि खरंच एखादं चुकलं तर?"

"तर एक चुकेल. अकरा नाही."

शेवटची दहा मिनिटं बोटं सवयीने खोडरबर शोधत राहिली. मग मी हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसून राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेर आले तर तो तिथेच, कट्ट्यावर बसलेला.

"कसा गेला?"

"माहीत नाही. पण जे लिहिलं ते माझंच आहे."

"दमलीस?"

"खूप." मी त्याच्या शेजारी बसले. तो खोडरबर बोटांत फिरवत होता.

"निकाल काहीही लागू दे... मला तू आवडतेस. तुला—"

"मलाही."

तो गडबडलाच. "अगं, लगेच नको सांगू. विचार कर, वेळ आहे—" म्हणत त्याने खोडरबर माझ्यापुढे धरला.

मी त्याची मूठ मिटवली. "राहू दे तुझ्याकडेच," म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले.