पंचाने चेहऱ्याकडे बघायचं नसतं

पहिल्याच भेटीत तिने मला पिवळं कार्ड दाखवलं.

दुकानांच्या आणि कारखान्यांच्या संघांची फुटबॉल लीग होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी सामने व्हायचे. मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या संघात बचावाला खेळायचो. त्या दिवशी समोर बेकरीवाले होते. रात्रभर भट्टीपुढे उभे राहून आलेले असायचे, तरी आमच्यापेक्षा जास्त पळायचे. पावसाची भुरभुर चालू होती, गवत निसरडं झालं होतं. मी चेंडूला पाय घातला, एक बेकरीवाला माझ्यावरून गडगडत गेला आणि शिट्टी वाजली.

"मी चेंडूलाच पाय लावला," मी म्हणालो.

"आधी त्याला लागला."

"आधी म्हणजे किती आधी?"

"मागे व्हा."

"नाही, मला खरंच विचारायचंय. तुम्ही तिथे उभ्या होतात. तिथून चेंडू दिसत होता का?"

तिने मला दोन बोटांनी खूण करून बाजूला बोलावलं. पोरं मागेच राहिली. तिच्या केसांतून पाणी भुवईवर येत होतं, ते तिने मनगटाने पुसलं. छातीवरच्या खिशातून कार्ड काढलं, छोट्या पेन्सिलीने त्यावर माझा नंबर लिहिला, आणि मगच हात सरळ वर केला. माझ्या तोंडासमोर नाही, आकाशाकडे.

"हे कशाबद्दल?"

"प्रश्नांबद्दल."

"प्रश्न विचारायचा नाही?"

"एकदा विचारायचा. दुसऱ्यांदा विचारला की ती तक्रार होते. तिसऱ्यांदा विचारला की तुमचा अख्खा संघ विचारायला येतो. जा, खेळा."

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, चष्मा घ्या, चष्मा!" ती खाली मान घालून ओठ दाबत पुढे गेली. मला वाटलं, लागलं तिला. नंतर कळलं, ती हसू दाबत होती.

मला राग यायला हवा होता. पण मला सगळंच विचारावंसं वाटायला लागलं. कार्ड दाखवण्याआधी नंबर का लिहिला? बाजूला का नेलं? लाल कार्ड कुठे ठेवते? सामना संपला तेव्हा ती बाकावर बसून बुटाची ओली नाडी सोडवत होती. मी जाऊन उभा राहिलो.

"लाल कार्ड कुठे असतं तुमचं?"

तिने मान वर केली. "का? हवंय?"

"नको. दिसलं नाही म्हणून विचारलं."

"मागच्या खिशात. पिवळं पुढे, लाल मागे. घाईत चुकीचं हाताला लागू नये. आणि हात मागे जाईपर्यंत मला एकदा विचार करता येतो."

"आणि मला बाजूला का नेलंत?"

"तुमचे मित्र ऐकत असले की तुम्ही मला उत्तर देत नाही, त्यांना देता."

ती नाडीशी झटत राहिली. "अजून किती आहेत प्रश्न?"

"बरेच… आहेत."

"मग दुकानात या. मैदानावर एकच फुकट असतो."

"कसलं दुकान?"

"चष्म्याचं," ती म्हणाली.

मी मोठ्याने हसलो. तीही हसली, यावेळी न दाबता. "हसा. ते ओरडणारे दर आठवड्याला ओरडतात. एकानेही येऊन स्वतःचा नंबर तपासला नाही अजून."

*

दुकान तिच्या मामांचं होतं. पुढे काचेची कपाटं, मागे पडदा, पडद्यामागे मामा डोळ्याला भिंग लावून फ्रेमचे बारीक स्क्रू बसवत बसायचे. ती डोळे तपासायची. तिने मला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर जाडजूड लोखंडी चौकट चढवली आणि एक डोळा झाकला. तिची बोटं थंड होती, साबणाचा वास येत होता.

"शेवटची ओळ वाचा."

मी घडाघडा वाचली.

"ही ओळ फार थोडे लोक वाचतात."

"म्हणजे डोळे चांगले आहेत?"

"डोळे उत्तम आहेत. मग पाय चुकला कसा?"

पडद्यामागून मामांचं खो-खो हसणं ऐकू आलं.

"विचारा आता," ती म्हणाली. "बाहेर गिऱ्हाईक बसलंय."

"शिवी दिली तर काय करता?"

"कोणाला दिली त्यावर आहे. चेंडू हुकला म्हणून स्वतःलाच घातली, तर मला ऐकू येत नाही. मला घातली, तर हात मागच्या खिशाकडे."

"राग येतो?"

"येतो की. म्हणून आधी लिहिते. लिहिता लिहिता राग निवला आणि तरीही कार्ड द्यावंसं वाटलं, तर ते खरं कार्ड. नाहीतर नुसता दम द्यायचा आणि पुढे जायचं."

पुढे आमच्या घरातही ती भांडणाआधी अशीच क्षणभर गप्प व्हायची. मी चिडायचो, बोल ना काय ते. आता ती नाही, आणि घरात नुसतीच शांतता असते, त्या शांततेनंतर काही येत नाही.

त्या दिवसांत मात्र मला दुकानात जायला कारणं कमी पडायला लागली. ताईचा चष्मा नेला, शेजाऱ्यांची तडकलेली काच नेली, आमच्या साहेबांचा गॉगल नेला. एकदा मामांनी पडदा बाजूला करून विचारलं, "काय हो, तुमच्या ओळखीतली सगळीच माणसं तोंडावर पडतात का?"

"मामा, तुम्ही स्क्रू बघा," ती म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे तिने बघितलं.

तिला वरच्या लीगच्या पंचांच्या यादीत जायचं होतं. तीन मोसम ती त्यासाठी धडपडत होती. त्या वर्षी निरीक्षक येणार होते. ते मैदानाबाहेर खुर्ची टाकून बसणार आणि तिचा प्रत्येक निर्णय टिपणार. त्यांनी होकार दिला की नाव यादीत.

"पंचाची सगळ्यात वाईट चूक कुठली?" मी विचारलं.

"एकाच माणसाला दोनदा पिवळं देऊन मैदानात ठेवणं. दुसरं पिवळं म्हणजे लाल, तो बाहेर. पंच विसरला आणि खेळ पुन्हा सुरू झाला की मग दुरुस्ती नाही. सामना रद्द आणि पंच घरी." ती काच पुसत होती. "निरीक्षक बघणार तो सामना तुमचा आहे. तुमचा आणि छापखान्याचा."

"मग मी नीट वागेन."

"अजिबात नाही. नेहमीसारखे खेळा. फक्त ओळख दाखवू नका."

"आणि तुम्ही?"

"मी नंबर बघते. पंचाने चेहऱ्याकडे बघायचं नसतं."

"माझा नंबर—"

"चार. माहीत आहे," ती पटकन म्हणाली, आणि लख्ख झालेली काच पुन्हा पुसायला लागली.

*

छापखान्याचा संघ तगडा होता. आम्हाला जिंकायचंच होतं, नाहीतर खालच्या गटात घसरणार होतो. आमचा कॅप्टन आमच्यातला सगळ्यात जुना मिस्त्री, तो सकाळपासून कोणाशी धड बोलत नव्हता. निरीक्षक मैदानाच्या मध्यरेषेजवळ खुर्चीत बसले होते, मांडीवर छत्री आडवी.

पहिल्या अर्ध्यात मी छापखान्याच्या एका पोराला उशिरा पाय घातला. शिट्टी, पिवळं. यावेळी मी एकही प्रश्न विचारला नाही. तिने माझ्या छातीवरचा चार बघितला, लिहिला, कार्ड वर केलं आणि वळली. माझ्याकडे बघितलंच नाही. त्याचं मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं हेही कळत होतं.

त्याच झटापटीत माझा शर्ट खांद्यापासून बगलेपर्यंत फाटला होता. मध्यंतरात कॅप्टनने पिशवीतून जादा शर्ट काढून दिला. त्यावर चौदा होता. नंबर बदलला की कॅप्टनने पंचांना सांगायचं, असा नियम. तो गोलकीपरला झापण्यात गुंगला आणि सांगायचं राहिलं.

सामना संपत आला होता, दोन्हीकडे एकेक गोल. त्यांचा पुढचा गडी मला चुकवून निघाला आणि मी मागून त्याचा शर्ट धरला. शिट्टी. तिने छातीवरच्या खिशातून कार्ड काढलं, नंबर बघितला, लिहिला, हात वर. पिवळं. मी मागच्या खिशाकडे बघत थांबलो. आता हात तिकडे जाईल, आता जाईल… पण ती चेंडूकडे वळली आणि फ्री किकसाठी रांगेत उभी राहिलेली आमच्या पोरांची भिंत पावलं मोजून मागे सरकवायला लागली.

तेव्हा मला कळलं. तिच्याकडे चारला एक कार्ड होतं आणि चौदाला एक. माणूस एकच, पण त्या माणसाकडे तिने सामनाभर बघितलंच नव्हतं.

"गप्प राहा," कॅप्टन माझ्या कानाशी पुटपुटला. त्यालाही कळलं होतं. "तिचं काम आहे ते, तुझं नाही. तू गेलास तर दहा जण काय करतील?"

निरीक्षक खुर्चीत पुढे सरकून बसले होते. मांडीवरची छत्री खाली पडली होती, ती त्यांनी उचलली नव्हती. चेंडूमागे छापखान्याचा गडी तयार उभा होता. तिने शिट्टी ओठांशी नेली.

मी भिंतीतून बाहेर आलो.

"मॅडम."

"जागेवर जा." नजर माझ्या छातीवर, चौदावर.

"मॅडम, एकदा माझ्याकडे बघा."

"चौदा नंबर, मी शेवटचं सांगतेय—"

"नंबर नको. माझ्याकडे बघा."

तिने मान वर केली. शिट्टी ओठांपासून खाली आली. माझ्या तोंडावर तिची नजर आली आणि तिथेच थांबली, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेलेला मी बघितला. मग हळूहळू तो परत आला. तिने पिवळ्या कार्डावर लिहिलेले दोन्ही नंबर बघितले. हात मागे गेला. लाल कार्ड वर झालं, सरळ, आकाशाकडे.

"थँक यू," ती इतक्या हळू म्हणाली की ते फक्त मलाच ऐकू आलं असेल.

मी बाहेर गेलो. ती फ्री किक आमच्या भिंतीला लागली, पण दहा जण किती तग धरणार! शेवटी छापखान्याने गोल केलाच. कॅप्टन माझ्याजवळून जाताना म्हणाला, "लिफ्टमध्ये अडकलास तर मला हाक मारू नकोस."

ती निरीक्षकांसमोर उभी होती, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलीसारखी. मी फाटकाशी बराच वेळ थांबलो. ती आली नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामाच्या कपड्यांतच दुकानात शिरलो. हाताला ग्रीस होतं. ती फोनवर होती. मला बघून तिने रिसीव्हरवर तळवा दाबून धरला.

"काय झालं?" मी विचारलं. "नाव बाद झालं का?"

"निरीक्षक म्हणाले, खेळ सुरू होण्याआधी दुरुस्त केलंस, म्हणजे चूक धरत नाही. नाव पाठवतो म्हणाले. पण त्यांनी विचारलं, दोन्ही वेळा समोर तोच माणूस होता, चेहरा ओळखला नाहीस?"

"मग?"

"म्हटलं, त्या चेहऱ्याकडे मी बघायचंच नाही असं ठरवलं होतं." ती थांबली. "का, असं विचारलं त्यांनी. म्हटलं, बघितलं असतं तर… बघतच राहिले असते. आणि सामना तसाच राहिला असता."

पडद्यामागे स्क्रू फिरवायचा आवाज बंद झाला होता.

"हे तुम्ही निरीक्षकांना सांगितलंत?"

"खोटं कसं सांगणार? ते म्हणाले, मग त्या संघाचे सामने तुला घेता येणार नाहीत. ज्या संघात आपलं माणूस असतं, तो संघ पंचाने घ्यायचा नसतो. सामने वाटून देणाऱ्या सचिवांना आजच्या आज कळव, नाहीतर नाव मागे घेतो." तिने डोळ्यांनी फोनकडे खूण केली. "तेच आहेत. विचारतायत, नातं काय."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काहीच नाही अजून. ते थांबलेत. त्यांच्याकडे ठरलेली नाती आहेत. भाऊ, मामा, मेहुणा… 'दुकानात येतो आणि प्रश्न विचारतो' असं त्यांत काही नाही."

"तुला काय सांगायचंय?"

मी पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणालो होतो. तिने ते ऐकलं. तळवा रिसीव्हरवर अजून घट्ट दाबला.

"मी काल बोलले, ते पण एका परक्या माणसासमोर. आज तुमची पाळी."

माझ्या हातांना ग्रीस होतं म्हणून मी ते पाठीमागे धरले. काचेच्या कपाटात माझाच चेहरा दिसत होता, आणि तो फारसा बघण्यासारखा नव्हता.

"होणारा नवरा," मी म्हणालो. "म्हणजे… चालत असेल तर."

मग तिने तळवा उचलला आणि मैदानावरच्या आवाजात, एकदम स्पष्ट, म्हणाली, "लिहून घ्या. होणारा नवरा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो," ती म्हणाली. ती माझ्याकडेच बघत होती. "नाही हो, तारीख कसली… आत्ताच ठरलंय."