न दिसणाऱ्या ताऱ्याचा रंग

"हा तारा जांभळा कुणी केला?"

दार न वाजवताच तो आत शिरला होता. केस पावसाने निथळत होते आणि हातात दुर्बिणीने टिपलेलं, तिनेच रंग भरून पाठवलेलं चित्र. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. पण वेधशाळेच्या चित्र-विभागातली ती दुपार आठवली की तिला अजूनही हसू फुटतं.

"मी केला," ती म्हणाली. "का? शोभत नाही?"

"तो जांभळा नाहीये!"

"मग कसा आहे?"

तो अडखळला. नवा संशोधक होता; धुळीच्या ढगांचा अभ्यास करायचा, म्हणून सगळे त्याला ढगोबा म्हणत. "तसा... दिसतच नाही तो. नुकता जन्मतोय ना, धुळीत दडलाय. अवकाशातली दुर्बीण त्याची नुसती ऊब टिपते. इन्फ्रारेड."

"म्हणजे, जो रंग कुणाला दिसतच नाही, त्यावरून तुम्ही माझ्याशी भांडायला आलात?"

तो कानापर्यंत लाल झाला... आणि खुर्ची ओढून बसला.

मग रोजच यायला लागला. कधी ढगाची कड फार गडद झालेली असायची, तर कधी ताऱ्याच्या दोन्ही बाजूंनी उसळणारे वायूचे झोत फिके वाटायचे.

"वायू गिळता गिळता उडवतोही हा," तो सांगायचा.

"अगदी माझ्या भाचीसारखा! तिला भरवून बघा एकदा."

बोलता बोलता दोघांचेही चहा गार व्हायचे.

चित्र पुरं झालं आणि त्याचं येणं थांबलं. दाराशी जरा खुट्ट झालं की तिची मान वळायची — उगाचच. एक दिवस कँटीनमध्ये कानावर आलं, ढगोबा परदेशी निघालाय.

ती तडक त्याच्या खोलीत गेली. तो पुस्तकं खोक्यात भरत होता.

"चित्र संपलं म्हणून येणंही संपलं?"

"निमित्तच उरलं नाही," तो पुटपुटला. "आणि खरं सांगू? जांभळा मला आवडला होता... पहिल्याच दिवशी."

"मग भांडलात कशाला?"

"आत यायला काहीतरी हवं होतं ना!"

तिला हसावं की रडावं कळेना.

"वर्षभराचं काम आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही थांब म्हणालात... तर नाही जाणार."

"वेडा आहेस का? जा तू! मी आहे इथेच."

तिने जीभ चावली. 'तू' कधी निसटलं, कळलंच नाही.

त्याच्या हातातलं पुस्तक खोक्याऐवजी जमिनीवर पडलं. "पुन्हा म्हणा ना... तू."

"आधी परत ये," ती म्हणाली, "मग जन्मभर म्हणेन."

म्हणतेय अजून.