अंगठ्याखालचं नाव

साडेनऊला वीज गेली आणि सव्वादहापर्यंत आली नाही, तेव्हा कर्वेनगरच्या त्या सोसायटीतली तिसऱ्या मजल्यावरची पोरं गच्चीवर आली. आमोद आणि अभिनव एका फ्लॅटमध्ये राहायचे, ऋतिका समोरच्या मुलींच्या फ्लॅटमध्ये. तिघंही जूनपासून भाडेकरू, तिघंही हिंजवडीला कामाला. दुसऱ्या मजल्यावरचे काका आधीच पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसले होते. वायफाय गेलं की पुण्यात चांदण्या उगवतात, असं म्हणून त्यांनी पोरांचं स्वागत केलं.

आमोदनं आपलं जुनंच गाऱ्हाणं काढलं. काकांच्या दारावर एवढी जाडजूड पितळी पाटी आहे, पण तिच्यावर नाव नाही, म्हणून पार्सलवाला दर वेळी गोंधळतो. नाव टाकून घ्या की, असं तो म्हणाला. काकांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग अभिनवनं अंधाराचं निमित्त करून भुताची गोष्ट मागितली.

"भुताची नाही," काका म्हणाले. "माझ्या ओळखीतल्या एका माणसाची सांगतो. त्यात भूत आहे का, ते तुम्ही ठरवा. त्याचं नाव नको. मिस्त्री म्हणू."

तर हा मिस्त्री गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी, स्कूटरवरून येरवड्याला निघाला होता. पायाशी जुन्या चादरीत गुंडाळलेला गोल्फचा पटर. गोल्फमध्ये लांबचे टोले मारायच्या काठ्या वेगळ्या असतात. चेंडू खड्ड्याजवळ आला की त्याला शेवटचं अलगद ढकलायला जी काठी घेतात, तो पटर. मिस्त्रीनं आयुष्यात गोल्फ खेळला नव्हता. भोसरीच्या एका कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं पॉलिश खात्यात काढली होती. निवृत्तीनंतर कुणीतरी त्याला एक गंजका पटर चमकवायला दिला आणि तिथून त्याला नाद लागला. बाल्कनी बंद करून तिथे त्यानं मोटार बसवली. गंज उतरवायचा, पॉलिश पेपर जाड्या नंबरापासून बारीक नंबरापर्यंत चढवत न्यायचा, शेवटी कापडी चाकावर धरायचं, नवी मूठ चढवायची. बायको म्हणायची, घरातली भांडी कधी एवढ्या प्रेमानं घासली नाहीत. मिस्त्री हसायचा. हात त्याचा खरोखर चांगला होता आणि ते त्याला जरा जास्तच माहीत होतं. पितळावर एवढासा डाग राहिला तर त्याला झोप यायची नाही.

चादरीतला पटर दादामियाँचा होता. दादामियाँनी येरवड्याच्या गोल्फच्या मैदानावर चाळीस वर्षं कॅडीचं काम केलं, म्हणजे साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे चालायचं. परदेशी निघालेल्या एका साहेबानं जाताना हा पितळी डोक्याचा पटर त्यांना देऊन टाकला होता. आता त्यांचं वय ऐंशीच्या घरात, नजर अंधुक. डिसेंबरात त्यांचा मुलगा नबील त्यांना धरून धरून मिस्त्रीकडे घेऊन आला. पितळ काळं पडलं होतं, दांडा गंजला होता, मूठ फाटली होती. सगळं नवं करा म्हणाले. मग त्यांनी पटर उलटा केला आणि तळावर अंगठा टेकवला.

तिथे दोन अक्षरं खरवडलेली होती. दादा. दुसऱ्या अक्षराचा काना ओळ सोडून वर निघून गेला होता.

ती अक्षरं त्यांच्या रझियाची. रझिया पहिलीत होती. नुकती लिहायला शिकली आणि थोरल्या भावाच्या, म्हणजे नबीलच्या, दप्तरातलं कर्कटक घेऊन बापाच्या पटरावर बापाचं नाव कोरायला बसली. मियाँ लिहायला तिला अजून येत नव्हतं, म्हणून नुसतं दादा. साहेबानं दिलेली वस्तू खराब केली म्हणून दादामियाँनी तिला एक ठेवून दिली. त्याच पावसाळ्यात पोरगी तापानं गेली. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा माणूस रोज त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत आला होता.

"बाकी आरसा करा, साहेब," ते म्हणाले. "तेवढं राहू द्या."

मिस्त्रीनं मान डोलावली. तळावर चिकटपट्टी लावून त्यानं अक्षरं झाकली आणि पंधरा दिवस मनापासून काम केलं. काम असं उतरलं की पितळात बाल्कनीची जाळी मोजून घ्यावी. त्यानं पट्टी काढून फोटो घेतले आणि जुने पटर चमकवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. वाहवा झाली. एकानं तेवढं लिहिलं, 'उत्तम. तळाचा ओरखडा काढायचा राहिलेला दिसतो.'

झालं. ते एक वाक्य संध्याकाळभर त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. रात्री जेवण झाल्यावर तो बाल्कनीत गेला. जरा कडा मऊ करू, अक्षरं उलट उठून दिसतील, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि मोटारीवर एमरीचं, धातू खरवडणारं खरखरीत चाक चढवलं. एमरी खाते, कापड चमकवतं, हे पॉलिश खात्यातल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. हात घसरला, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. हात घसरला नव्हता. त्यानं दाबला होता. पहिला दा गेला. मग उरलेला दा एकटा फारच वाईट दिसायला लागला. तोही गेला.

चाक थांबलं तेव्हा तळ आरशासारखा होता, आणि मिस्त्रीला आपण काय केलं ते कळलं.

फोन उचलून सांगायला पाहिजे होतं. अहो, चूक झाली, माफ करा, एवढंच. शिव्या खायच्या होत्या आणि मोकळं व्हायचं होतं. त्याऐवजी तो दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं कर्कटक घेऊन आला. लहान मुलाचं अक्षर यावं म्हणून डाव्या हातानं पितळेच्या तुकड्यावर दादा, दादा असं गिरवत बसला. अकराव्या वेळी जमलं, काना नेमका वर गेला. आणि जमल्याचा त्याला आनंद झाला, पोरांनो. सगळ्यात लाजेची गोष्ट तीच. मग त्यानं ते पटरावर उतरवलं आणि मीठ-व्हिनेगर लावून रात्रभर जुनं व्हायला ठेवलं.

काका थांबले. कुणीतरी खालच्या रस्त्यावरून गाडी काढली, तिचा उजेड टाकीवरून फिरून गेला.

बंडगार्डनचा पूल ओलांडून मिस्त्री येरवड्यात पोचला तेव्हा अंधार पडला होता. दादामियाँ खाटेवर होते, छाती भरलेली. तरी पटर म्हटल्यावर उठून बसले. नवी मूठ चाचपली, दांड्यावरून हात फिरवला, खूश झाले. मग पटर उलटा केला.

अंगठा पहिल्या अक्षरावर आला. दुसऱ्यावर गेला. थांबला. परत मागे आला.

मिठानं रंग जुना होतो, कड जुनी होत नाही. इतकी वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेलं अक्षर आणि चार दिवसांपूर्वीचं अक्षर… डोळ्यांना फसवता येतं. अंगठ्याला नाही. पॉलिशवाल्यानं हे विसरावं?

दादामियाँनी पटर मांडीवर ठेवला. "चांगला झालाय," म्हणाले. "एकदम आरसा." नबीलला त्यांनी चहा टाकायला सांगितलं. मिस्त्रीनं तो चहा प्यायला. त्याच्यासमोर बसून, गोड गोड, अख्खा कप प्यायला. निघताना उंबऱ्यापाशी मागून आवाज आला.

"साहेब, आपलं नाव काय म्हणालात?"

मिस्त्रीनं सांगितलं. आडनावासकट. दादामियाँनी ते एकदा पुटपुटून पाहिलं. त्यांचा अंगठा चादरीवर सावकाश फिरत होता.

"राहील लक्षात," ते म्हणाले.

एकोणीस जानेवारीला, रविवारी, दिवेलागणीला मिस्त्रीच्या दाराची बेल वाजली. दारात नबील, हातात तोच पटर, त्याच चादरीत. अब्बा शुक्रवारी गेले. जायच्या आधी म्हणाले, हा साहेबांचा आहे, आपला नाही, नेऊन दे. नबीलला काही उलगडा झाला नव्हता. अखेरीला माणूस बरळतो, असं तो म्हणाला, आणि डोळे पुसून घेतले. मिस्त्रीच्या मनात पहिलं काय आलं असेल? सुटलो. आता कुणाला कळायचं नाही. हे मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. तरी तोंड उघडलं नाही. नबील दोन मिनिटं उभा होता. दोन मिनिटं पुष्कळ असतात. मग तो जिना उतरून गेला.

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, घरात मिस्त्री एकटा. पटर त्यानं बाल्कनीत ठेवला, जेवला नाही, आडवा झाला. भुतं बाराला येतात म्हणतात. हे पावणेअकराला आलं. शेजारी मालिका चालू होती, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढत होतं. पुण्यातली साधी रविवारची रात्र.

मोटारीचा आवाज आला.

घुं… असा बारीक. त्याच्याच मोटारीचा. खात्यात एकतीस वर्षं असलाच आवाज ऐकलेला, चुकायचा नाही. तो उठून बाल्कनीत गेला. मोटार बंद. पिन काढलेली. पटर चादरीत, जागच्या जागी.

आवाज चालूच.

मागून येत होता. घरातून नाही… दारातून. बाहेरच्या अंगानं. पितळ चाकाला लागलं की आवाज जड होतो. तसा तो जड झाला. कुणीतरी दाबत होतं. सावकाश. न घसरता.

शेजारची मालिका थांबली होती. खुर्चीही. मी… मिस्त्री दारापाशी गेला. भोकाला डोळा लावला. काळं. जिन्यातला दिवा लागलेला असायला हवा होता. नुसतं काळं. कोण आहे, असं त्याला विचारायचं होतं. पण विचारायचं तरी काय? त्याला माहीत होतं.

आवाज थांबला.

मग दारावर… वाजवलं नाही कुणी. फक्त काहीतरी फिरलं. अंगठा फिरावा तसं. इकडून तिकडे. तिकडून इकडे…

मग तेही थांबलं.

किती वेळ गेला, त्याला आठवत नाही. शेवटी त्यानं कडी काढली. जिन्यात दिवा होता. माणूस नव्हता. दारावर त्याची पाटी. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या पोरांनी दिलेली, जाड पितळेची. अक्षरं एवढी खोल कोरलेली की दिवाळीला त्यातली धूळ काडीनं काढावी लागायची.

पाटीवर एक अक्षर नव्हतं. ओरखडासुद्धा नाही. त्यात त्याचा चेहरा दिसत होता, केसन् केस. असं काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं. त्यानं हात लावला आणि झटकन मागे घेतला.

पितळ तापलेलं होतं. चाकावरून नुकतं उतरवल्यासारखं.

काकांनी गोष्ट तिथेच संपवली. मग रस्त्यावरचे दिवे लागले, खाली कुणाचा तरी पंखा गरगरला, आणि वीज आली म्हणून सोसायटीत नेहमीचा गलका झाला. गच्चीवर मात्र कुणी हललं नाही. 'मी' म्हणता म्हणता सावरलेला तो एक शब्द ऋतिकाच्या कानात राहिला होता. काकांचं नाव आपल्याला माहीत नाही, फोनमध्येसुद्धा त्यांचा नंबर 'दुसरा मजला काका' असाच आहे, हे तिला आता आठवलं.

"त्यांनी मग नबीलना सांगितलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"आणि तो पटर?"

"बाल्कनीत आहे. चादरीत." काका खुर्ची घडी करत होते, ती पटकन मिटेना. "रोज म्हणतो, उद्या जाईन. लाज वाटते गं. चूक केल्याची वाटते, त्याहून तो चहा प्यायल्याची वाटते."

सगळे जिना उतरले; पोरं आपल्या तिसऱ्या मजल्यावर न थांबता काकांच्या मागोमाग खाली आली. दुसऱ्या मजल्यावर पोरं पाण्याच्या नळाकडे बघत, दाराकडे न बघता उभी राहिली. आमोदनं पार्सलचा विषय काढला नाही. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडण्याआधी, रोजच्या सवयीनं, कोऱ्या पाटीवरून अंगठा फिरवला, काही लागतंय का बघायला.