जांभळ्या पेन्सिलीचे गुण

कॉपिंग पेन्सिलीचं अक्षर कोरडं असेपर्यंत करडं दिसतं. पाणी लागलं की जांभळं होतं. म्हणून जुने लोक तिचं टोक आधी जिभेला लावायचे.

त्या पानावरचं अक्षर जांभळं होतं...

आणि ओलं.

हे माझ्या अपूर्वा मावशीच्या बाबतीत खरोखर घडलं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि प्रत्येक गोष्ट तारीख-वेळेसह वहीत टिपायची. त्यामुळे यात माझ्या पदरचं काही नाही. २ डिसेंबर १९९८, संध्याकाळचे पावणेसहा, कोल्हापूर, राजारामपुरीतलं घर.

मावशी आणि तिची मैत्रीण निशा, जीवशास्त्राची शिक्षिका, यांनी रद्दीच्या दुकानातून मिळून एक पुस्तक घेतलं होतं. गावोगाव फिरून कुठे काय खाल्लं आणि ते कसं करतात, असं. पहिलं पान फाटलेलं. आधी ते कुणाचं होतं, कळायला मार्ग नव्हता.

पंधरा दिवस एकीकडे, पंधरा दिवस दुसरीकडे. त्यातला एक पदार्थ करायचा, पानाखाली अभिप्राय लिहायचा, दहापैकी गुण द्यायचे. मावशीची शाई निळी, निशाची हिरवी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुस्तक मावशीकडे आलं. निशाने आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची खीर केली होती. तिच्या हिरव्या ओळींखाली तिसरंच, जांभळं अक्षर होतं.

'निशाच्या हाताला चव आहे. दहा.'

मावशीच्या पानाखालीही होतं.

'पाच.'

मावशीला लागलं. पाच गुणांपेक्षा, दोघींचं पुस्तक निशाने तिसरीला दाखवलं याचं. चित्रकलेच्या नव्या राजमतीबाई हल्ली मधल्या सुट्टीत निशाला चिकटूनच बसायच्या.

पंधरा दिवस उलटले. तिने पुस्तक मात्र परत केलं नाही.

"पुस्तक खाल्लंस काय गं?" निशा सगळ्यांदेखत विचारायची.

"वाचून व्हायचंय."

"तीन आठवडं? द्यायचं नसंल तर तसं तोंडानं सांग की! मी काय मारतोय व्हय तुला?"

सगळे हसायचे. राजमतीबाई जरा जास्तच.

त्या बुधवारी मावशीने घनसाळ आणला आणि तीच खीर केली. दहा मिळवायचेच होते. घर जैनांचं, सूर्यास्तानंतर कुणी खायचं नाही, म्हणून पावणेसहाला गॅस बंद झाला. मावशीचे यजमान, जिनपाल काका, इचलकरंजीला गेलेले. ती घरात एकटी.

पातेल्यावर झाकण ठेवून ती बाहेरच्या खोलीत आली. दाराला आतून कडी होती.

स्वयंपाकघरात... झाकण उचलल्याचा आवाज.

मग शांतता.

मग... कुणीतरी मिटक्या मारल्या.

मावशी आत गेली. कुणीच नव्हतं. झाकण जागेवर होतं. धुऊन पालथा ठेवलेला चमचा दुधाने माखलेला होता. खिरीवर साय नव्हती. कडेकडेने नीट काढून घेतलेली.

ओट्यावरचं पुस्तक उघडं होतं.

'वेलदोडा जास्त. सहा.'

तिने बोट लावलं. बोट जांभळं झालं.

म्हणजे राजमतीबाई नव्हत्या. कधीच नव्हत्या.

तिने बोट उचललं, तर खाली अजून एक ओळ होती.

'निशाला देऊ नको. मग दहा देईन.'

मावशीने वहीत पुढचंही प्रामाणिकपणे लिहिलंय. ते वाचून तिला आधी भीती वाटली नाही...

बरं वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं.

"अपूर्वा, हायस काय घरात? पुस्तक न्यायला आलोय!" निशाच होती. "राजमतीबाई बघायला मागत हुत्या. म्हटलं, अपूर्वाला इचारल्याबिगर न्हाय दाखवणार. रागावलीस व्हय? उघड की!"

मावशी कडीपाशी गेली. दार उघडून ते पान दाखवलं असतं, तरी दोघींचं पुन्हा जमलं असतं.

मागे... चमचा पातेल्यावर एकदाच वाजला.

मावशी आजही म्हणते, मी पुढे जे बोलले ते निशाच्या काळजीने. असेल. पण ती वही आता माझ्याकडे आहे. त्या तारखेखाली, परक्याच जांभळ्या अक्षरात, एकच शब्द आहे.

दहा.

मावशीने कडी काढली नाही. बंद दाराशीच, तीन आठवडे तोंडात अडकलेलं ती बोलली.

"निशा, पुस्तक मी देणार नाही."